गणपतीत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी घरी पाकवलेले काजू-बदाम: दमट हवेत टिकतील असे कसे करावेत?

ओसरी
नमस्कार मंडळी. आमचा गौरी-गणपती कुडाळजवळच्या मूळ घरी असतो. रात्री भजनाला येणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्यांची उसळ आणि पाव ठरलेला आहे, त्यात बदल नाही. पण दिवसभर वाडीतली माणसं दर्शनाला येतात, दहा मिनिटं टेकतात, चहा घेतात. त्यांच्यापुढे वाटीत काहीतरी घरचं असावं असं मला मनापासून वाटतं. आमच्याच कलमांच्या बिया उन्हाळ्यात भाजून, सोलून, वाळवून ठेवल्या आहेत. त्या काजूगरांना साखरेचा नाहीतर गुळाचा कुरकुरीत लेप द्यायचा, जोडीला थोडे बदाम, असा बेत आहे.

बाजारात असले काजू मिळतात, पण बऱ्याचदा लेप जाड, आतला काजू खवट आणि वर इसेन्सचा वास. घरच्या काजूवर मला ते नको आहे.

प्रश्न असे: साखर बरी की गूळ? प्रमाण काय? तिकडे ओव्हन नाही, गॅस आणि जाड कढई आहे. आणि सगळ्यात मोठा प्रश्न भाद्रपदातल्या कोकणच्या हवेचा. मीठसुद्धा पाणी सोडतं अशा हवेत हे काजू कोरडे कसे राहतील? ज्यांनी स्वतः केलेत त्यांनी सविस्तर लिहा.

चटपटीत
वाचतेय. मलाही हवंय.

दोनतारी
सोपं आहे. एक वाटी साखर कोरडीच कढईत वितळवा, तांबूस झाली की चमचाभर तूप, मग भाजलेले काजू घालून भराभर हलवा आणि तूप लावलेल्या ताटात सुटे पसरा. काचेसारखा चकचकीत लेप बसतो आणि चव चिक्कीची. काजूला याहून चांगलं काही नाही.

कोकमफोडी
दोनतारी, चव चांगली हे मान्य. पण ओसरींनी कुडाळ आणि भाद्रपद लिहिलंय. आमच्या वेंगुर्ल्यात हा चकचकीत प्रकार पावसाळ्यात सकाळी केला तर संध्याकाळी बोटांना चिकटतो. दुसऱ्या दिवशी डब्यात एकच ढेप. दिवाळीनंतर करा, छान राहतो.

रसायन_मास्तर
कोकमफोडी यांचं निरीक्षण बरोबर आहे आणि त्याला कारण आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

साखरेचा लेप दोन तऱ्हांनी बसतो. पाकात दाणे घालून मध्यम आंचेवर ढवळत राहिलं की पाणी उडत जातं, पाक घट्ट होतो आणि एका क्षणी सगळं एकदम कोरडं पडतं. साखर पुन्हा बारीक स्फटिकांच्या रूपात दाण्याला चिकटते. लेप पांढरट, खरखरीत दिसतो. अनेक जणांना इथे वाटतं की पाक फुटला, सगळं बिघडलं, आणि ते पाणी घालायला धावतात. काही बिघडलेलं नसतं. हीच पहिली पायरी आहे.

इथे गॅस बंद केला नाही आणि ढवळत राहिलं, तर तीच साखर पुन्हा वितळते, तांबूस होते आणि गार झाल्यावर काचेसारखी कडक होते. ही दुसरी पायरी. दोनतारी यांची कृती पहिली पायरी गाळून थेट इथे येते.

आता हवेचं. स्फटिक असलेली शुद्ध साखर हवेतलं पाणी सहजासहजी घेत नाही. आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की मग ती पाणी ओढून विरघळायला लागते. काचेसारख्या साखरेत मात्र स्फटिकांची घट्ट रचना नसते, त्यामुळे ती बऱ्याच कमी आर्द्रतेलाही ओलावा शोषते आणि चिकट होते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८५ च्या वर अनेकदा जाते, म्हणजे उघड्यावर कुठलाच लेप कायम टिकणार नाही. पण वाटीत तास-दोन तास आणि बाकीचा माल घट्ट झाकणाच्या डब्यात, एवढ्याला पहिल्या पायरीचा लेप पुरून उरतो.

म्हणून ओसरी, तुमच्यासाठी उत्तर एकच: पहिल्या पायरीवर थांबा. आणि पाकात लिंबू अजिबात पिळू नका. लिंबाने साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो, स्फटिक नीट होत नाहीत आणि हवेतलं पाणीही जास्त ओढलं जातं.

ओसरी
मास्तर, फार उपयोगी. कोरडं पडणं हीच पायरी आहे हे कुठल्याच कृतीत इतकं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. प्रमाणही द्या ना.

राईनकाठ
प्रमाण मी देते. मी कोलोनला राहते. इथे नाताळच्या बाजारात तांब्याच्या मोठ्या कढयांमध्ये भाजके साखर-बदाम करतात, गेब्रान्टे मांडेल्न. दालचिनीचा वास चौकभर पसरलेला असतो आणि कागदाच्या कोनात गरमागरम मिळतात. घरगुती जर्मन प्रमाण २०० ग्रॅम सालीसकट बदाम, २०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, दालचिनी आणि व्हॅनिला साखर. आधी पूर्ण कोरडं पडू देतात, मग साखर थोडीशीच वितळू देतात, म्हणजे लेप खडबडीतही राहतो आणि चमकही येते.

आपल्या जिभेला हे गोड लागतं. मी साखर निम्मी करते. २५० ग्रॅम बदाम, १२५ ग्रॅम साखर, पाव वाटी पाणी, चिमूटभर मीठ. तेवढ्यात प्रत्येक बदामाला लेप बसतो. मीठ विसरू नका, त्याने गोडाला धार येते. इथल्या थंडीत बंद डब्यात दोन आठवडे सहज राहतात, कोकणाचं मात्र सांगू शकणार नाही.

दोनतारी
मास्तरांचं शास्त्र मान्य. पण पहिल्या पायरीवर थांबलं की नुसती साखर लागते, भाजल्याची चव येत नाही. ती चव नसेल तर मग साखरफुटाणेच आणा की.

राईनकाठ
दोनतारी, ती चव साखरेतून येऊ देण्याऐवजी दाण्यातून येऊ द्या. बदाम आधी चांगले खमंग भाजायचे, आतून फिकट तपकिरी दिसेपर्यंत. काजूला मंद आंचच हवी, बाहेरून डागला तर आत कच्चा राहतो. पाकात जाताना दाणा गरम असावा. गार दाणा टाकला की पाक एका जागी गोठतो आणि लेप सारखा बसत नाही.

कोकमफोडी
+१. आणि काजू आधी कडकडीत कोरडा हवा. घरचा काजू असेल तर तो पावसात थोडा मऊ पडलेला असतोच. मंद आंचेवर पंधरा-वीस मिनिटं सतत हलवून ती ओल काढा. आतली ओल राहिली तर लेप बाहेरून कितीही कोरडा असला तरी आतून सुटतो.

अख्खा काजू घ्या. पाकळी आणि तुकड्याला कडा जास्त, साखर जास्त खातो आणि पाहुण्यापुढे दिसतोही भुग्यासारखा. विकत घेणाऱ्यांसाठी: २४०, ३२० हे आकडे पौंडात किती काजू बसतात त्याचे असतात, म्हणजे आकडा लहान तसा काजू मोठा. या कामाला ३२० चा पुरतो, १८० चा घेऊन साखरेत घोळवायचं काही कारण नाही. मोठा काजू नुसता भाजून मीठ लावून द्यावा.

गुऱ्हाळ
साखर, साखर, साखर. गुळाबद्दल कुणी बोलेना म्हणून कोल्हापुरातून लिहायला आलो. घरचा काजू, गणपतीचे दिवस आणि त्याला कारखान्याची साखर? गुळाचा लेप चवीला कितीतरी पुढे आहे.

रसायन_मास्तर
गुऱ्हाळ, चवीबद्दल वाद नाही. पण गुळात मुळातच ग्लुकोज-फ्रुक्टोज असतात, शिवाय क्षार आणि थोडा ओलावा. त्यामुळे तो स्फटिक धरायला नाखूश आणि पाणी ओढायला तयार. पावसाळ्यात गुळाची ढेप पाझरते ती यामुळेच.

गुऱ्हाळ
मग मालवणी खाजं कसं टिकतं? जत्रेत दिवसभर उघड्यावर मांडलेलं असतं. गुळाचाच लेप आहे ना?

कोकमफोडी
हा प्रश्न मला हवाच होता. 😊

खाजं म्हणजे बेसनाची जाड शेव तळून गुळाच्या पाकात घोळवलेली, त्यात आलं आणि वरून तीळ. लेप नीट बघितलात तर चकचकीत नसतो, मातकट आणि कोरडा असतो. पाक गोळीबंदच्या पुढे नेतात आणि शेव घातल्यावर आंचेवरून उतरवून हलवत राहतात, गूळ अंगावर सुकेपर्यंत. म्हणजे गुळालाही ती कोरडी पायरी गाठता येते, फक्त हात दुखेपर्यंत हलवावं लागतं आणि गूळ चांगला हवा. मऊ, ओलसर गूळ चालत नाही. शिवाय आमच्या मोठ्या जत्रा कार्तिकापासून पुढे, कोरड्या हवेत. आंगणेवाडीची जत्रा फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येते. भाद्रपदात खाजंही डब्यातच ठेवतात.

तेव्हा गुऱ्हाळ, तुमचंही बरोबर आणि मास्तरांचंही. गुळाचे करायचे तर सकाळी करून त्याच दिवशी संपवावेत. आल्याऐवजी सुंठ घाला, ओल कमी.

गुऱ्हाळ
हे मान्य. आणि चिक्कीसाठी वेगळा गूळ मिळतो तो या कामाला घेऊ नये असं माझं मत. त्याने कडक, काचेसारखा लेप बसतो, आपल्याला तर कोरडा हवाय. साधा कडक, पिवळा गूळ किसून घ्या.

माजघर
धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे ज्या पहिल्या पायरीबद्दल बोलताय, ती आमच्या आईच्या हातात होती आणि तिला त्यातलं रसायन कुणी शिकवलं नव्हतं. संक्रांतीचा काटेरी हलवा म्हणजे तेच काम, फक्त दहापट सबुरीचं.

पितळी परात, खाली निखाऱ्यांची मंद शेगडी, परातीत तीळ नाहीतर खसखस, साबुदाणा, मगजबी, शेंगदाणे, कधी बदामही. एकतारी पाक चमच्याने थोडा थोडा सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुढचा चमचा. घाई करून जास्त पाक घातला की दाणे एकमेकांना चिकटतात आणि काटा उभा राहत नाही. थंडीत हवा कोरडी असते तेव्हाच काटे उभे राहतात, म्हणून पौषातलं काम. नव्या सुनेचे दागिने, बाळाच्या बोरनहाणाचे दागिने याच हलव्याचे. आई पहाटे बसायची आणि घरातल्या कुणाला परातीजवळून वाऱ्यासारखं जाऊ द्यायची नाही.

यातून ओसरींच्या कामाचं एवढंच: सगळा पाक एकदम घालण्यापेक्षा दोन हप्त्यांत घाला. निम्मा पाक काजूवर सुकू द्या, मग उरलेला. लेप पातळ, एकसारखा बसतो आणि दाणे सुटे राहतात. बदामाला तर मी असंच करते. वेळ दुप्पट लागतो पण हात सुटा असेल तर जरूर करून बघा.

चटपटीत
माजघर, हलव्यावर वेगळा धागा काढा ना. बदामाचा काटेरी हलवा मी पाहिलेलाच नाही.

माजघर
मार्गशीर्ष लागू द्या, काढते. आत्ता लिहिला तर कुणीतरी श्रावणात परात घेऊन बसेल.

टेक्सासची_काकू
आमच्याकडे पिकान, म्हणजे अक्रोडाच्या जातीचा दाणा. इथलं राज्यवृक्षच ते. इथली पद्धत अगदी वेगळी आहे: अंड्याचा पांढरा भाग फेसून त्यात पिकान बुडवायचे, साखर-दालचिनी-मिठात घोळवायचे आणि ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तासभर, मधूनमधून हलवत. पाक करायला नको, हात भाजायला नको, लेप खुसखुशीत. थँक्सगिव्हिंगला मी मोठी बरणीभर करते.

गुऱ्हाळ
काकू, गणपतीत अंडं? 😀

टेक्सासची_काकू
अहो, गणपतीसाठी नाही म्हणत. माहिती म्हणून लिहिलं. शाकाहारी पाहुण्यांसाठी मी अंड्याऐवजी छोले शिजवलेलं दाट पाणी फेसून घेते, तेही जमतं. पण देवापुढे ठेवायचं असेल तर साखर-पाण्याचाच पाक बरा.

यावरून एक सांगते. पाहुण्यांसाठी केलेल्या वाटीबरोबर त्यात काय आहे ते तोंडी सांगाच. इथे शाळेत, ऑफिसात काजू-बदामाची ॲलर्जी हा नेहमीचा विषय आहे. आपल्याकडे लोक आग्रह करून तोंडात घालतात. कुणी नको म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नये.

दोन_लेकरांची_आई
काकूंना जोरदार अनुमोदन. आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात अख्खा काजू-बदाम नकोच, घशात अडकायची भीती असते. साखरेचा लेप असला की मुलं हमखास मूठ भरतात. मी मुलांसाठी थोडे वेगळे काढून बारीक कुटून देते. वाटी पाटावर न ठेवता उंच ठेवा, गणपतीत घर रांगत्या बाळांनी भरलेलं असतं.

वाफाळता_चहा
एवढी चर्चा वाचून एकच शंका. भजनी मंडळी आली की टिकवायला उरणार काय? आमच्या वाडीत एक मूठ गेली की वाटी गेली. 😄

कोकमफोडी
वाफाळता_चहा, म्हणूनच त्यांना उसळ-पाव. काजू दिवसाच्या पाहुण्यांना. ओसरींचं नियोजन पक्कं आहे.

माजघर
ओसरी, एक विसरू नका. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी धरणाऱ्या बायकांना बैलाच्या कष्टाचं चालत नाही.

चटपटीत
काजू तर झाडाचा, नांगर लागत नाही. चालायला हवा.

माजघर
काजू चालेल. पण साखर आणि गूळ ऊसाचे, ऊस नांगरटीचा. आमच्याकडे त्या दिवशी दोन्ही वर्ज्य. घराघराची रीत वेगळी असते, पण विचारून वाढलेलं बरं. थोडे काजू नुसते भाजून बाजूला ठेवा, म्हणजे त्या बायकांपुढेही वाटी ठेवता येईल.

ओसरी
माजघर, हे माझ्या अजिबात डोक्यात आलं नव्हतं. आमच्या दोन्ही काकू पंचमी धरतात. नुसते भाजलेले वेगळे ठेवीनच.

शेंगाभाजी
सगळे काजू-बदामावर बसलेत. शेंगदाण्याला विचारत नाही कुणी. ज्यांच्या घरी काजूची कलमं नाहीत त्यांनी सालासकट शेंगदाणे खमंग भाजून हेच करावं. साल खरखरीत, लेप घट्ट धरतो. खर्च काहीच नाही आणि पाहुणे काजूआधी तेच संपवतात हे मी आमच्या घरी पाहिलंय. सोलापूरकडे या, शेंगदाण्याचं काय काय होतं ते दाखवतो.

दोनतारी
शेंगदाण्याला +१. आणि मास्तर, काल दोन्ही पायऱ्या एकाच घाण्यात करून पाहिल्या. निम्मे पहिल्या पायरीवर काढले, निम्मे पुढे नेले. पुण्याच्या हवेत दोन्ही कुरकुरीत आहेत. माझं मत चकचकीतच्या बाजूने कायम आहे, पण काजू आधी जास्त भाजल्यामुळे पांढऱ्या लेपाचेही छान लागले. कोकणासाठी तेच करा.

शेगडी
कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. साखर दुसऱ्या पायरीला जाते तेव्हा तिचं तापमान उकळत्या पाण्याच्या कितीतरी वर, दीडशे अंशांच्या पुढे असतं आणि ती कातडीला चिकटून बसते. चव बघायला बोट घालू नये. गणपतीच्या गडबडीत, मुलं पायात असताना हे काम करूच नये. आधी दोन दिवस, दुपारी, एकटीने. शेजारी गार पाण्याचं पातेलं ठेवायचं. कढई जाड बुडाची, कालथा लाकडी, लांब दांड्याचा.

ओसरी
मंडळी, ठाण्याच्या घरी रंगीत तालीम केली. भर पावसात, मुद्दामच. काजू मंद आंचेवर वाळवून, खमंग भाजून, साखर काजूच्या निम्म्या वजनाने, माजघर म्हणाल्या तसा पाक दोन हप्त्यांत. पहिल्या हप्त्याला कोरडं पडायला वेळ लागला, दुसऱ्याला पटकन पडलं. दाणे आपोआप सुटे झाले. एक छोटा घाणा गुळाचाही केला, सुंठ घालून. पूर्ण गार करून दोन्ही वेगवेगळ्या बरण्यांत ठेवले.

गुळाचे पहिल्या दिवशी सगळ्यांना जास्त आवडले, हे गुऱ्हाळ यांच्यासाठी. पण दोन दिवसांत मऊ पडले. साखरेचे आठवडा झाला तरी कुरकुरीत आहेत. तेव्हा साखरेचे इथूनच करून नेते आणि गुळाचे तिकडे गौरीच्या दिवशी सकाळी ताजे. वेलची कधी घालावी? पाकात घातली तर वास राहिला नाही.

माजघर
गॅस बंद केल्यावर, शेवटच्या हलवण्यात. पाकात उकळली की वास उडून जातो. जायफळही तसंच. केशर मात्र पाकाच्या पाण्यात आधी भिजवा.

रसायन_मास्तर
छान झालं. बरणी भरताना वर मोकळी जागा ठेवू नका, काठोकाठ भरा आणि छोट्या बरण्या घ्या. मोठी बरणी दिवसातून दहा वेळा उघडली की प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते. आणि हात कोरडा हवा.

चटपटीत
कढईच्या तळाशी जो साखरेचा चुरा उरतो त्याचं काय करता? भाजलेल्या काजूचा वास असतो त्याला, टाकवत नाही.

कोकमफोडी
टाकायचा कशाला? चाळून बाटलीत भरा. गरम दुधात घाला, नाहीतर शिऱ्यात साखरेऐवजी. कढईला चिकटलेलं मात्र खरवडू नका, त्यातच पाणी घालून उकळी आणा, सगळं सुटतं. ते पाणी मी चहाला वापरते.